आयव्हीआयजी लागू पडेल का? कावासाकी आजारात रक्ताचा रिपोर्ट किती सांगतो

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले आणि आयव्हीआयजी हे शिरेतून देण्याच्या अँटिबॉडींचं नाव पुण्यात घरोघरी पोचलं. हे इंजेक्शन महाग असतं, एकाला अनेक बाटल्या लागतात, सगळ्यांनाच सारखा गुण येतो असं नाही, हेही तेव्हाच लोकांना कळलं. हेच औषध बालरोगतज्ज्ञ कितीतरी आधीपासून वेगळ्या आजारासाठी वापरत आले आहेत. तो म्हणजे कावासाकी आजार, लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना येणारी सूज.

मी पुण्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर गेला की थोड्या वेळात आईबाबांचा फोन येतो. "मॅडम, सीआरपी एवढा जास्त आहे, म्हणजे औषध लागू पडणार नाही का? नेटवर तसं लिहिलंय." त्यांनी वाचलेलं खोटं नसतं. रक्तातल्या काही आकड्यांवरून औषधाला दाद मिळेल की नाही याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यावर जगभर भरपूर अभ्यास झाले आहेत. अंदाज कसा बांधतात आणि तो कुठे तोकडा पडतो, ते मात्र सहसा कुणी नीट सांगत नाही.

## आजार कोणता?

तोमिसाकु कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी असा पहिला रुग्ण १९६१ मध्ये पाहिला आणि १९६७ मध्ये ५० मुलांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. आजार मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना होतो, मुलींपेक्षा मुलग्यांना थोडा जास्त. पाच दिवस किंवा त्याहून जास्त टिकणारा चढा ताप, घाण न येता लाल झालेले डोळे, लालभडक फुटलेले ओठ आणि जीभ, अंगावर पुरळ, मानेत एका बाजूला गाठ, हातापायांना लाली आणि सूज अशी त्याची लक्षणं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची साल निघते. आपल्याकडे आणखी एक खूण उपयोगी पडते. जन्मल्यावर दंडावर दिलेली बीसीजीची जागा पुन्हा लाल होऊन सुजते. सगळ्या मुलांत ती दिसत नाही, पण दिसली तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

आजार संसर्गजन्य नाही. काही कारणाने मुलाची प्रतिकारशक्ती भडकते आणि स्वतःच्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर उलटते. खरा धोका कोरोनरी धमन्यांना असतो, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना. सुजलेली भिंत कमकुवत होऊन फुगते. त्या फुगवट्याला एन्युरिझम म्हणतात. उपचार झाला नाही तर साधारण चारातल्या एका मुलाच्या कोरोनरी धमन्यांना इजा होते. पहिल्या दहा दिवसांत आयव्हीआयजी मिळालं तर एन्युरिझमचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. बालरोगतज्ज्ञ एवढी घाई करतात ती यामुळेच.

## औषध लागू पडलं नाही, हे कधी म्हणायचं?

आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. कावासाकीत ती वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम या हिशेबाने एकदाच, दहा-बारा तास सावकाश सलाइनसारखी दिली जातात. दहा किलोच्या बाळाला २० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चार बाटल्या. सोबत ॲस्पिरिन.

बहुतेक मुलांचा ताप यानंतर उतरतो. बाळ खायला मागतं, चिडचिड कमी होते. पण साधारण १० ते २० टक्के मुलांना औषध संपून ३६ तास उलटले तरी ताप असतो, किंवा गेलेला ताप परत येतो. अशा वेळी डॉक्टर 'आयव्हीआयजी रेझिस्टन्स' म्हणतात. अशा मुलांत कोरोनरी धमन्यांना इजा होण्याचा धोका जास्त असतो. दुसरा डोस, स्टेरॉइड, इन्फ्लिक्सिमॅब हे सूज दाबणारं औषध असे पुढचे उपाय आहेत, पण ३६ तास वाट पाहण्यात मोलाचा वेळ गेलेला असतो आणि तेवढ्या वेळात भिंतीची सूज चालूच राहते.

म्हणून डॉक्टरांना पहिली बाटली लावण्याआधीच अंदाज हवा असतो. या मुलाला एकट्या आयव्हीआयजीने भागेल, की पहिल्याच दिवशी जोडीला आणखी काही द्यावं? रक्तातल्या मार्करची सगळी धडपड या एका निर्णयासाठी आहे. मार्कर म्हणजे शरीरात काय चाललंय याचा अप्रत्यक्ष माग देणारा, मोजता येणारा आकडा. आयव्हीआयजी द्यायचं की नाही, हे मार्कर ठरवत नाहीत. निदान झालं की ते द्यायचंच असतं. वाईट मार्कर पाहून "मग एवढा खर्च कशाला करायचा" असं एखादे आजोबा म्हणतात, तेव्हा गाडी चुकीच्या दिशेने निघालेली असते.

## रिपोर्टमधले आकडे काय बोलतात?

यातले बरेचसे मार्कर तुमच्या नेहमीच्या रिपोर्टातच असतात. सीबीसी, सीआरपी, लिव्हर फंक्शन, सोडियम. एकेक पाहू.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही जोराची सूज आली की प्रतिकारपेशी यकृताला संदेश देतात आणि सीआरपी चढतो. तो आगीचा जोर सांगतो, आग कुठे लागली ते सांगत नाही. न्यूमोनियातही तो चढतो.

न्यूट्रोफिल या सूज आल्यावर आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी. इथे मुलाचं वय लक्षात घ्यावं लागतं. मोठ्या माणसांत न्यूट्रोफिल जास्त असतात, पण दोन वर्षांच्या निरोगी मुलात लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचं पारडं जड असतं. त्यामुळे इतक्या लहान मुलाच्या सीबीसीत न्यूट्रोफिल ८० टक्क्यांच्या वर दिसले की मी स्लाइड पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेते. या दोन पेशींचं गुणोत्तर, ज्याला एनएलआर म्हणतात, तेही मार्कर म्हणून वापरलं जातं. त्यासाठी वेगळं रक्त लागत नाही, वेगळे पैसेही लागत नाहीत. सीबीसीतल्या एका आकड्याला दुसऱ्याने भागायचं.

अल्ब्युमिन आणि सोडियम हे उलटे बोलतात, म्हणजे उतरले की काळजी. सुजलेल्या वाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तातून बाहेर पडतं. शरीर पाणी धरून ठेवतं आणि सोडियम खाली येतं. एसजीओटी आणि एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे वाढलेले असतील तर सूज यकृतापर्यंत पोचली आहे असं समजायचं.

उरले प्लेटलेट. यावरून पुण्यात हमखास गोंधळ होतो. पावसाळ्यात ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे आणि उतरलेले प्लेटलेट म्हटलं की घरच्यांच्या मनात डेंगी येतो, आणि तो यावाही. कावासाकीत प्लेटलेट दुसऱ्या आठवड्यात खूप वाढतात हे पुस्तकी ज्ञान सगळ्यांना असतं, पण पहिल्या आठवड्यात ते साधारणच असतात. सुरुवातीलाच कमी असतील तर आजार जोरात आहे अशी शंका घ्यायची. डेंगीत सीआरपी सहसा इतका चढत नाही. तरी एकट्या त्या आकड्यावर निदान करायचं नसतं. मूल समोर घेऊन तपासणाऱ्या डॉक्टरांचं मत त्याहून मोठं.

## आकड्यांची बेरीज: कोबायाशी स्कोअर

कुठलाही एक मार्कर पुरेसा नसतो, म्हणून जपानमध्ये २००६ साली कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात गोष्टी एकत्र करून गुण ठरवले. सोडियम १३३ किंवा कमी असेल तर २ गुण. एसजीओटी १०० किंवा जास्त, २ गुण. न्यूट्रोफिल ८० टक्के किंवा जास्त, २ गुण. आजाराच्या चौथ्या दिवशी किंवा त्याआधी उपचार सुरू झाला, २ गुण. सीआरपी १० किंवा जास्त, १ गुण. प्लेटलेट तीन लाख किंवा कमी, १ गुण. वय बारा महिने किंवा कमी, १ गुण. एकूण ११. जपानमध्ये ५ किंवा जास्त गुण म्हणजे धोका जास्त, असं धरतात.

एक कल्पित रिपोर्ट घेऊ. दोन वर्षांचा मुलगा, तापाचा पाचवा दिवस. सोडियम १३१, एसजीओटी १४०, न्यूट्रोफिल ८२ टक्के, सीआरपी ११८, प्लेटलेट दोन लाख ऐंशी हजार. सोडियमचे २, एसजीओटीचे २, न्यूट्रोफिलचे २, सीआरपीचा १, प्लेटलेटचा १. बेरीज ८. वय आणि दिवस यांचे शून्य.

आता सीआरपीचं एकक पाहा. कोबायाशी स्कोअरमधला १० हा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, म्हणजे त्या हिशेबाने मर्यादा १०० होते. वरच्या मुलाचा ११८ त्यापुढे गेला, म्हणून गुण मिळाला. एखाद्या मुलाचा सीआरपी ४० असेल तर घरचे नेटवरच्या १० शी तुलना करून घाबरतात, पण स्कोअरच्या भाषेत तो ४ असतो आणि त्याला एकही गुण मिळत नाही. मला येणाऱ्या घाबऱ्या फोनांपैकी बऱ्याच फोनांत गोंधळ हाच असतो. आकड्याशेजारी बारीक अक्षरात छापलेलं एकक आधी वाचा.

आणि तो "चौथ्या दिवसाआधी" वाला मुद्दा? लवकर उपचार केला की धोका वाढतो, असा त्याचा अर्थ नाही. आजार जोरात असलेल्या मुलांची लक्षणं लवकर उठून दिसतात, म्हणून ती लवकर दवाखान्यात पोचतात. निदान झालेलं असताना गुण कमी करायला पाचव्या दिवसाची वाट पाहणं हा शुद्ध वेडेपणा होईल.

## अंदाज किती खरा ठरतो?

जपानमध्ये या मर्यादेवर औषधाला दाद न देणाऱ्या मुलांपैकी ७६ टक्के मुलं या स्कोअरने आधीच ओळखली, आणि दाद देणाऱ्यांपैकी ८० टक्के मुलांना बरोबर 'कमी धोका' म्हटलं. ऐकायला छान वाटतं. आता १०० मुलं घेऊ आणि त्यांतल्या १५ मुलांना औषध लागू पडणार नाही असं धरू.

त्या १५ मधली साधारण ११ स्कोअरच्या जाळ्यात येतील, ४ निसटतील. उरलेल्या ८५ मधल्या १७ मुलांना उगाच 'जास्त धोका' असा शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेली मुलं २८ आणि त्यांत खरोखर दाद न देणारी ११. स्कोअर जास्त आला तरी निम्म्याहून जास्त मुलांना एकट्या आयव्हीआयजीने गुण आला असता! फोनवर रडणाऱ्या आईला मी हे गणित सांगते. स्कोअर जास्त म्हणजे औषध लागू पडणार नाही, असं होत नाही. अशा मुलांच्या गटात लागू न पडण्याची शक्यता वाढते, एवढंच.

## जपानचा स्कोअर पुण्यात चालेल?

खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडलं, यावरून भिडे पूल पाण्याखाली जाईल का आणि एकता नगरीत पाणी शिरेल का, हे पुणेकर ओळखतात. अनेक पावसाळे पाहून बसलेला तो अंदाज आहे. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. दोन्ही अंदाज आपापल्या जागी चोख. पण पंचगंगेचे ३९ फूट घेऊन मुठेकाठच्या माणसाने गाडी हलवायची की नाही ठरवलं तर उपयोग नाही. पात्र वेगळं, उतार वेगळा, काठची वस्ती वेगळी. शिवाय क्युसेकच्या आकड्यामुळे पूर येत नाही, पाण्यामुळे येतो. तसंच सोडियम उतरल्यामुळे औषध निकामी होत नाही. आतल्या दाहाची ती खूण आहे, त्यामुळे सोडियम सलाइनने वर आणलं म्हणून मूळ धोका टळत नाही.

कोबायाशी स्कोअरचं हेच झालं. उत्तर अमेरिकेतल्या मुलांवर तो लावून पाहिला तेव्हा दाद न देणाऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुलं ओळखता आली. वरच्या हिशेबात घातलं तर १५ पैकी ५. जपानमधलेच एगामी आणि सानो यांचे स्कोअर आहेत, तेही बाहेर नेले की ढिले पडतात. आनुवंशिक घडण, उपचार कोणत्या दिवशी सुरू होतो, सोबत कोणते संसर्ग असतात, असं बरंच काही बदलतं.

माझं स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रातल्या मुलांच्या नोंदी एकत्र करून आपल्या मर्यादा आपण ठरवायला हव्यात. चंदीगडच्या पीजीआय संस्थेने कावासाकीच्या मुलांच्या नोंदी वर्षानुवर्षं चिकाटीने ठेवल्या आहेत. पुण्यात मोठी रुग्णालयं आहेत, चांगल्या लॅब आहेत, पण रिपोर्ट ज्या त्या संगणकात पडून राहतात.

## मग सगळ्यांनाच स्टेरॉइड का देत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. जपानमध्ये २०१२ साली रेझ नावाच्या अभ्यासात जास्त गुण असलेल्या मुलांना आयव्हीआयजीसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं. नुसतं आयव्हीआयजी मिळालेल्या मुलांपैकी २३ टक्के मुलांच्या कोरोनरीत बिघाड दिसला, स्टेरॉइड जोडलेल्यांत फक्त ३ टक्क्यांत. फरक फार मोठा आहे. पण ही मुलं आधीच निवडलेली, जास्त धोक्याची होती. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात कुणालाही न निवडता सरसकट सगळ्यांना स्टेरॉइडचा एक मोठा डोस दिला, तर फायदा दिसला नाही. दोन्हीकडे डोस आणि दिवस वेगळे होते, म्हणून थेट तुलना करता येत नाही. तरी निवड महत्त्वाची आहे हे त्यातून कळतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ज्याला कावासाकी समजलो तो दडलेला टीबी किंवा जिवाणूंचा संसर्ग निघाला, तर स्टेरॉइडने घात होऊ शकतो. म्हणून डॉक्टर एखादा दिवस जास्त तपासण्यांत घालवतात तेव्हा ते वेळकाढूपणा करत नसतात.

## रोज एक नवा मार्कर कसा निघतो?

इंटरल्यूकिन-६, फेरिटिन, प्रोकॅल्सिटोनिन, हृदयावरचा ताण दाखवणारा एनटी-प्रोबीएनपी, प्लेटलेट आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर. यादी वाढतच जाते. यांतल्या बऱ्याच अभ्यासांचा साचा ठरलेला असतो. एका रुग्णालयाच्या जुन्या फाइली उघडायच्या, कुणाला दाद मिळाली, कुणाला नाही ते पाहायचं आणि दोन गटांत फरक दाखवणारी मर्यादा शोधायची. फाइली तयार असल्या की अशी मर्यादा जवळजवळ नेहमी सापडते. तीच मर्यादा दुसऱ्या गावच्या, पुढच्या वर्षीच्या मुलांवर टिकते का, ही खरी कसोटी, आणि तिथे बरेच मार्कर गळतात. म्हणून नेटवर वाचलेली महागडी तपासणी लॅबमध्ये येऊन मागू नका. डॉक्टरांनी सांगितली असेल तर करा.

## स्कोअर कमी आला, म्हणजे सुटलो?

नाही. वरच्या गणितातली निसटलेली ४ मुलं आठवा. शिवाय ताप उतरला तरी कोरोनरीत फुगवटा येऊ शकतो, आणि तो रक्तात दिसत नाही, टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतो. निदानाच्या वेळी एक एको, मग एक-दोन आठवड्यांनी, मग चार ते सहा आठवड्यांनी, असा साधारण क्रम असतो. मूल घरात पळायला लागलं की तिसरा एको राहून जातो. कृपा करून तो चुकवू नका.

एकोत धमनीची रुंदी मुलाच्या आकारमानाशी ताडून झेड स्कोअर काढतात. तो सुरुवातीलाच २.५ किंवा जास्त असेल, किंवा बाळ सहा महिन्यांहून लहान असेल, तर अमेरिकन हार्ट असोसिएशनचं २०२४ चं मार्गदर्शन पहिल्यापासून जास्तीचं औषध जोडण्याकडे झुकतं. रक्ताच्या गुणांइतकाच, किंबहुना जास्त, भरवसा आता या दोन गोष्टींवर ठेवला जातो. लहान बाळांत तर लक्षणंही अर्धीमुर्धी असतात. नुसता ताप आणि चिडचिड, बाकी फारसं काही नाही. पाच दिवसांनंतरही ताप हटत नसेल आणि कारण सापडत नसेल तर "कावासाकी असू शकेल का?" असं डॉक्टरांना मोकळेपणी विचारा.

## रक्त कधी द्यायचं?

शक्यतो आयव्हीआयजी सुरू होण्याआधी. ते शरीरात गेल्यावर ईएसआर हा सूज दाखवणारा आकडा कृत्रिमरीत्या वाढतो, त्यामुळे नंतरचा वाढलेला ईएसआर पाहून आजार उलटला असं समजू नये. उपचारानंतर सीआरपीवर लक्ष ठेवतात. आयव्हीआयजीतून दात्यांची प्रतिपिंडंही बाळाच्या रक्तात येतात, म्हणून प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासण्या पुढचे काही महिने फसव्या पॉझिटिव्ह येऊ शकतात. त्याच कारणाने गोवर-रुबेला आणि कांजण्या यांसारख्या जिवंत लसी साधारण ११ महिने पुढे ढकलतात. लसीकरण कार्डावर आयव्हीआयजीची तारीख पेनाने लिहून घ्या, कारण अंगणवाडीताईंना किंवा दुसऱ्या डॉक्टरांना ती तुमच्याशिवाय कळणार नाही.

लॅबच्या फॉर्मवर तापाचा कितवा दिवस आहे तेही लिहा. ताप पहिल्यांदा आला तो दिवस पहिला धरायचा, दवाखान्यात गेलात तो नाही.